दुभाषा कुणाचा घ्यायचा

आमच्या रक्तकेंद्रात संगणकांचं सगळं पाहणाऱ्या बाईंचं टोपणनाव भिंगरी. ते आम्ही ठेवलेलं नाही. तिच्या नवऱ्याने एकदा माझ्या टेबलावर फोन करून विचारलं, "आमची भिंगरी जागेवर आहे का हो?" मी म्हटलं, "जागेवर ती कधी असते?" पलीकडून भावोजी मनापासून हसले आणि त्या दिवसापासून ते नाव आमच्याकडेही रुजलं. वडिलांनी लहानपणी ठेवलेलं नाव होतं, तिनेही कधी तक्रार केली नाही. करणार तरी कशी? ती डबा उभ्याने खायची. पडद्यावरचं वाचताना सारखी या पायावरून त्या पायावर व्हायची. बैठकीत सगळे बसले की ही खिडकीपाशी. तिची खुर्ची इतकी कोरी राहिली होती की कुणी पाहुणा आला तर आम्ही तीच पुढे करायचो.

नोकऱ्याही तिने अशाच उभ्याउभ्या केल्या होत्या. वर्तमानपत्राचा छापखाना, विमानतळाचं मालगोदाम, बियाण्यांची कंपनी, मग एक बँक. जिथे गेली तिथे कामाची घडी बसवली, आणि घडी बसली की तिचा पाय निघाला. आमच्याकडे ती आली तेव्हा मी मनातल्या मनात तिच्या निरोपाचं भाषणसुद्धा तयार ठेवलं होतं. पण आमच्याकडची घडी काही केल्या बसेना, म्हणून ती राहिली, असं आम्ही थट्टेने म्हणायचो.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. लोक रक्त देतात, आम्ही ते तपासून, वेगवेगळं करून, थंड ठेवतो आणि रुग्णालयं मागतील तसं पाठवतो. मी फोनच्या टेबलाची प्रमुख. पूर्वी प्रत्येक मागणी फोनवरून यायची. मग रुग्णालयांनी आपापले संगणक घेतले आणि मागण्या त्यातून येऊ लागल्या. गोम अशी की प्रत्येकाची बोली वेगळी. एक रुग्णालय रक्तगट अक्षरात लिहिणार, दुसरं आकड्यात, तिसरं 'तातडीचं' हा शब्द रकान्याच्या भलत्याच टोकाला टाकणार. म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. इकडचा प्रश्न ऐकायचा, आमच्या भाषेत करून आम्हाला द्यायचा, आमचं उत्तर त्यांच्या भाषेत परत पाठवायचं. भिंगरी त्याला दुभाषा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो.

तो दुभाषा ज्या कंपनीचा होता ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली, आणि नव्या मालकांनी कळवलं की या जुन्या मालाची देखभाल आता बंद होणार. चालतोय तोवर चालवा, बिघडला तर आमच्याकडे येऊ नका, असा एकूण सूर.

आमच्या संचालिका म्हणजे मोठ्या डॉक्टर. कमी बोलणाऱ्या, बोललेलं विसरू न देणाऱ्या. त्यांनी भिंगरीला बोलावून सांगितलं, "नवा दुभाषा हवा. बाजारातला एखाद्या भक्कम कंपनीचा घ्यायचा, की ते तुम्ही म्हणता तसलं, सगळ्यांना उघडं असलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते तुम्ही ठरवा. पैशाची बाजू मंडळ बघेल, त्याचं ओझं घेऊ नका. मला फक्त काय घ्यायचं आणि का, एवढं सांगा. पण लवकर."

तेव्हापासून तिची जी घालमेल सुरू झाली ती मी रोज समोरून पाहिली.

आधी कंपनीचा माणूस आला. मला वाटलं होतं, गोड बोलून गळ्यात मारणारा असेल. तसा तो अजिबात नव्हता. शांत, नेटका, स्वतःचा माल पुरता ओळखणारा. त्याने आमच्याच जुन्या मागण्या घेऊन त्यांच्या दुभाष्यातून चालवून दाखवल्या. सगळ्या बिनचूक गेल्या. फोन केला की कोणत्याही वेळी त्यांचा माणूस उचलेल, हे त्याने आमच्यासमोर फोन करून दाखवलं. भिंगरी त्याच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "समजा एखादी मागणी आत कुठे अडकली, तर ती कुठे अडकली हे मला बघता येईल?"

"आमच्या लोकांना बघता येईल, मॅडम. ते लगेच बघतील."

"मला?"

"तुम्हाला आत जाता येणार नाही. पण तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, त्यासाठीच तर आम्ही आहोत."

"आणि तुम्हीच नसलात तर? आमच्या जुन्या कंपनीसारखं तुम्हालाही कुणी गिळलं तर?"

"तसं होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही," तो म्हणाला. "कुणीच देऊ शकणार नाही. पण आज आम्ही भक्कम आहोत."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "माणूस प्रामाणिक आहे गं. लबाड असता तर माझं काम सोपं झालं असतं."

मग तिने दुसरा पर्याय हातात घेतला. तो दुभाषा कुठल्या कंपनीचा नव्हता. जगभरातल्या काही रक्तकेंद्रांतल्या आणि रुग्णालयांतल्या लोकांनी मिळून केलेला, कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा असा. तिने तो अडगळीतल्या एका जुन्या संगणकावर चढवला आणि त्यालाही त्याच मागण्या दिल्या. पहिल्याच दिवशी खोट सापडली. एकाच रुग्णासाठी लागोपाठ दोनदा रक्त मागितलं, की हा दुभाषा दुसरी मागणी 'चुकून पुन्हा आलेली' समजून टाकून द्यायचा. आमच्या धंद्यात दुसरी मागणी म्हणजे रक्तस्राव थांबत नाहीये. ती टाकून देणं म्हणजे माणूस टाकून देणं.

भिंगरीने तो दुभाषा उघडला. दुपारभर त्याच्या आत डोकं घालून बसली, खरोखर बसली, म्हणून मला आठवतं. चूक कुठे आहे ते तिला कळलं, पण हात लावला तर दुसरीकडे काय हलेल याचा भरवसा वाटेना. म्हणून तिने तो करणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर सगळं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आली तर उत्तर हजर. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने चूक मान्य केली होती, दुरुस्ती करून पाठवली होती आणि वर आभार मानले होते की हे कुणीतरी वेळेत पाहिलं.

त्या दिवशी भिंगरी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. "ठरलं," ती म्हणाली. "हेच घ्यायचं. असं उत्तर कोणती कंपनी देते?"

ते ठरलेलं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. तो माणूस कोण, त्याच्या पाठीमागे किती लोक आहेत, हे तिने शोधलं. कागदावर नावं भरपूर होती, पण गेल्या काही वर्षांतलं बहुतेक काम एकट्याचं. मग तिने त्याच्याशी व्हिडिओवर बोलायची वेळ मागितली. मीही मागे उभी राहून पाहिलं. तो एका शाळेत गणित शिकवत होता. पूर्वी तिथल्या रक्तकेंद्रात काम करताना त्याने हा दुभाषा सुरू केला, नोकरी बदलली तरी सोडला नाही. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीतून तो बोलत होता. कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या, टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग. त्याची भाषा आम्हाला परकी, आमची त्याला, दोघांचीही इंग्रजी मोडकीतोडकी. तरी भिंगरीने नेमकं विचारलं, "तुम्ही थकलात तर?"

त्याने खांदे उडवले आणि ओशाळं हसत म्हणाला, "थकतोच आहे. पण तुम्ही लोक प्रश्न विचारता, म्हणून चालू आहे."

घंटा झाली आणि तो गेला. भिंगरी काळ्या पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतक्या रुग्णालयांचं रक्त," ती म्हणाली, "एका मास्तरच्या मधल्या सुट्टीवर चाललंय."

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू. सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन कंपनीच्या बाजूने बोलायची, चहाला उघड्या दुभाष्याच्या बाजूने, आणि निघताना पुन्हा कंपनीच्या. मी शेवटी म्हटलं, "अगं, तू मला सकाळ-संध्याकाळ दोन नवरे दाखवल्यासारखं करतेस. मला एकाशीही लग्न करायचं नाहीये." ती हसली नाही. तिचं वजन उतरलं होतं. मार्गिकेच्या एका टोकाला शीतगृह, दुसऱ्या टोकाला जिना, त्यामधल्या फरशीवर तिच्या चपलांचा आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला की तो थांबला की आम्ही मान वर करायचो.

घरीही तेच. भावोजी गाडी चालवायला शिकवतात. जन्मभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून त्यांचा आवाज कधी चढत नाही असा झालाय. ते मला म्हणाले, "एकाच वेळी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबणारे विद्यार्थी असतात ना, तसं झालंय हिचं. गाडी जागची हलत नाही आणि इंजिन मात्र तापतंय."

मोठ्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हिने आणखी थोडी मुदत मागितली.

एका दुपारी मी तिला गच्चीवर गाठलं. पाण्याच्या टाक्यांच्या मधून फेऱ्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "तुला दोन्हींची खोड न खोड पाठ झालीय. आता माहितीत काही कमी नाही. मग अडलंय कुठे?"

ती टाकीला वळसा घालून परत आली. मग म्हणाली, "मला बोलावणं आलंय. बंदराच्या कार्यालयातून. जहाजांच्या येण्याजाण्याचं सगळं नव्याने बसवायचंय. समुद्र समोर. मला कधीपासून असं काम हवं होतं, तुला माहितीये."

"मग जा की."

"कंपनीचा दुभाषा घेतला तर जाता येतं," ती म्हणाली. "त्यांचा माणूस फोन उचलेल, मी असले काय, नसले काय. पण तो उघडा घेतला तर कुणीतरी आत बघणारं इथे लागणार. ते कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं आहे कोण? आणि आता मी जेव्हा म्हणते की कंपनीचा बरा, तेव्हा हे रुग्णालयांसाठी म्हणतेय की समुद्रासाठी, ते माझं मलाच कळेनासं झालंय."

तिथे एक मोडकं स्टूल होतं, त्यावर मी बसून राहिले आणि ती चालत राहिली.

पुढे जे झालं त्याने कुणाच्या ठरवण्याची वाट पाहिली नाही. साधा कामाचा दिवस होता, जेवणं नुकतीच उरकली होती. माझा फोन वाजला. प्रसूतिगृहाच्या डॉक्टर होत्या. आवाज अगदी सपाट. "आमची दुसरी मागणी पाठवून बराच वेळ झाला. तुमचं उत्तर नाही, गाडी नाही. बाईचं रक्त थांबत नाहीये."

मी पडद्यावर पाहिलं. पहिली मागणी होती, ती सकाळीच पुरवलेली. दुसरी नव्हतीच. पडद्यावर सगळं हिरवं, सगळं आलबेल. मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि शीतगृहाकडे ओरडून गट सांगितला. आमचा गाडीवाला पिशव्यांची पेटी घेऊन निघालासुद्धा, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पडद्यावर बऱ्याच वेळापासून कुठलीच नवी मागणी आलेली नाही. अशी शांत दुपार आमच्याकडे असत नाही.

भिंगरी धावत आली. जुना दुभाषा आतल्या आत अडकला होता. रुग्णालयांकडून घेत होता, 'मिळालं' असं त्यांना सांगत होता, आणि आम्हाला काहीच देत नव्हता. तो बंद करून पुन्हा सुरू केला तर पोटातल्या मागण्या राहतील की जातील, हे तिला ठाऊक नव्हतं. आत बघायला वाटच नव्हती. तिने नव्या मालकांच्या मदतक्रमांकावर फोन लावला. नम्र आवाजातली ध्वनिफीत वाजली, की या उत्पादनाची सेवा संपलेली आहे. ती ध्वनिफीत तिने शेवटपर्यंत ऐकली. मग फोन ठेवला आणि म्हणाली, "सगळ्या रुग्णालयांना फोन करायचे. आत्ता. प्रत्येकाला विचारायचं, जेवणाच्या वेळेपासून काय काय पाठवलंत."

माझ्या टेबलावरच्या सगळ्याजणी फोनला लागल्या. तपासणीतल्या लोकांनी स्वतःचे मोबाइल काढले. मोठ्या डॉक्टर खाली आल्या, काही न विचारता त्यांनीही एक यादी उचलली. मागण्या एकेक हाती आल्या, भरल्या गेल्या, गाड्या सुटल्या. त्यातली आणखी एकच फार तातडीची होती, ती वेळेवर पोचली.

प्रसूतिगृहातून संध्याकाळी कळलं. बाळ आधीच सुखरूप होतं. आईही वाचली, पण तिचं गर्भाशय काढावं लागलं. रक्त आधी पोचलं असतं तर ते टळलं असतं का, असं भिंगरीने फोनवर विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगायचं तर सांगता येत नाही. कदाचित नाही. कदाचित हो." भिंगरीने आभार मानले. मग फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी आता मीच निर्णय घेते. कंपनीचा दुभाषा घेऊ. काल आपल्याला हवा होता तो फोन उचलणारा माणूस. ध्वनिफीत नको होती. त्यांच्याकडे माणूस आहे."

बोलणं बिनतोड होतं. मी भिंगरीकडे पाहिलं. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती.

"मॅडम, आपल्या जुन्या कंपनीकडेही एकेकाळी फोन उचलणारा माणूस होता," ती म्हणाली. "मी त्याच्याशी बोललेय. चांगला होता. काल मला माणूस नको होता. मला आत बघायचं होतं. त्या मागण्या तिथेच होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मला झाकण उघडता येत नव्हतं."

"उघडता आलं असतं, कारण तुम्ही तुम्ही आहात. उद्या तुम्ही गेलात तर? तुमच्या आधीच्या नोकऱ्या मला माहीत आहेत. उघडं झाकण आणि आत बघणारं कुणी नाही, त्याचा मला काय उपयोग?"

"मी जाणार नाही."

भिंगरी वळली होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की जणू हे वाक्य दुसऱ्याच कुणीतरी बोललं आणि तिने फक्त ऐकलं.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही विचार करून म्हणताय?"

"नाही," ती म्हणाली. "विचार करून मला इतके दिवस काहीच म्हणता आलं नाही. पण म्हटलंय खरं."

"माणसाच्या शब्दावर मी यंत्रणा उभी करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. बराच वेळ त्या टेबलावर बोटं वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याखेरीज आत बघू शकेल असं दुसरं माणूस तयार करायचं. ही माझी अट. ती पाळली नाही तर कंपनीचा दुभाषा येईल, आणि मग मी तुमचं काही ऐकणार नाही."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हिच्या जिवाला स्वस्थता येईल. छे. ती जास्तच बिथरली. नवऱ्याला न विचारता असा शब्द देऊन बसले, म्हणून स्वतःला कोसत राहिली. भावोजी नंतर मला म्हणाले की त्या संध्याकाळी ती त्यांच्या शिकवायच्या गाडीत शेजारी येऊन बसली, विद्यार्थी नुकताच उतरला होता, आणि पुढे बघत सगळं सांगून टाकलं. भावोजींनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "मी बंदराकडच्या रस्त्यांचे नकाशेसुद्धा बघून ठेवले होते." एवढंच. रागावले नाहीत, पण बरंही वाटू दिलं नाही. काही दिवस दोघं घरात एकमेकांशी अदबीने वागत होती, आणि ती अदब तिला भांडणापेक्षा जड गेली. बंदराच्या कार्यालयाला नकार कळवला त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

कंपनीच्या माणसाला तिने स्वतः फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर आमचाच घेतला असता. पण तुमच्यासारखं दुसरं कुठलं केंद्र आमच्याकडे आलं, तर त्यांना मी तुम्ही विचारलेले प्रश्न आधीच सांगून ठेवीन." ती म्हणाली, "असं बोलू नका हो, मला पुन्हा वाटायला लागेल."

मग कामाचे महिने. एकेक रुग्णालय जुन्या दुभाष्यावरून नव्यावर आणायचं, दोन्ही काही काळ शेजारी चालवायचे, प्रत्येक मागणी दोन्हीकडे ताडून बघायची. प्रसूतिगृह तिने सर्वांत आधी घेतलं. एका छोट्या दवाखान्याचा संगणक इतका जुना होता की त्याची बोली जगातल्या कुणाच्याच ओळखीची नव्हती, त्यासाठी तिने स्वतः तुकडा लिहिला आणि तो सगळ्यांसाठी उघडा करून टाकला. हळूहळू माझ्या टेबलावरचे 'आमची मागणी मिळाली का' असे फोन कमी झाले. एक दिवस मोठ्या डॉक्टर जाताजाता म्हणाल्या, "बरं चाललंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

आणि नेमकं तेव्हा गणिताच्या मास्तरने चर्चेच्या पानावर लिहिलं की त्याला मुख्याध्यापक केलंय, डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि या वर्षअखेर तो दुभाष्याचं काम सोडतोय. कुणी घेणारं असेल तर पुढे यावं.

ज्याची भीती होती ते असं, सभ्य भाषेत, आभार मानून समोर आलं. भिंगरी खवळली. "हाच तो," ती म्हणाली, "हाच म्हणाला होता चालू आहे म्हणून. मी इथे पाय रोवून उभी राहिले आणि हा निघाला." तिने त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मग विचारलं, "कसं वाटलं?"

मी म्हटलं, "सगळं खरं आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट तुझ्या आधीच्या चार ठिकाणच्या लोकांना तुला लिहिता आली असती."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. ती लाल झाली, निघून गेली. मार्गिकेत चपलांचा आवाज किती वेळ चालला मला माहीत नाही. ते पत्र तिने पाठवलं नाही. दोन ओळींचं दुसरं पाठवलं: इतकी वर्षं सांभाळलंत, आता काय काय कुठे ठेवलंय ते दाखवा.

त्याने दाखवलं. मधल्या सुट्ट्यांतून, आठवडे लावून. इतर दोन देशांतल्या रक्तकेंद्रांतून दोघं पुढे आले, एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ आणि दोन मुलांची एक आई, आणि भिंगरी धरून तिघांनी काम वाटून घेतलं. आठवड्यातला एक दिवस आपल्या केंद्राने या बाहेरच्या कामाला द्यावा, यावर मोठ्या डॉक्टरांशी तिची जोरदार खडाजंगी झाली. "आपला पगार, आपली खुर्ची, आणि काम जगाचं?" डॉक्टर म्हणाल्या. "जगाचं नाही, आपलंच," ती म्हणाली, "फक्त जगालाही वापरता येतं." शेवटी अर्ध्या दिवसावर तडजोड झाली. दोघींनाही आपण हरलो असं वाटलं.

डॉक्टरांची अट ती विसरली नव्हती. दुसरं माणूस तिने आमच्यातूनच निवडलं, तपासणी विभागातली एक संथ, शंकेखोर बाई, जिला संगणकाचं काही येत नव्हतं पण एखादी गोष्ट चुकीची वाटली की जी जागची हलत नसे. दोघींचं पहिलं वर्ष भांडणात गेलं. एकीला सगळं आत्ता हवं, दुसरीला आधी नीट समजायला हवं. आता ती बाई दुभाष्याच्या आत एकटी जाते, एकटी बाहेर येते आणि काय पाहिलं ते सांगते. गेल्या महिन्यात भिंगरी तापाने आठवडाभर घरी होती. कुणाला फोन करावा लागला नाही. बरी होऊन आल्यावर ती यावर खूश झाली की नाराज, ते मला चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

म्हणजे आता तिला जाता येईल. हे तिलाही कळलंय. बंदराची जागा केव्हाच भरली, पण जागा काय, निघतच असतात. भावोजींनी परवा सहज म्हणून विचारलं, "मग? आता काय?" ती म्हणाली, "विचारू नकोस," आणि बाहेर भाजी आणायला गेली, आणि भाजी न घेताच परत आली.

मी तिला सरळ विचारलं, "पस्तावा होतो का गं?"

"आठवड्यातून एकदोनदा होतो," ती म्हणाली. "आणि त्या प्रसूतिगृहातल्या बाईचा विचार रोज येतो. तिला मी कधी पाहिलेलं नाही. आपण आधी ठरवलं असतं, कुठलंही, कंपनीचं नाहीतर हे, तर तिची ती दुपार वेगळी गेली असती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. कुठला दुभाषा बरोबर, यावर मी एवढी फिरले, आणि त्या दुपारी दोन्हीही तिथे नव्हते."

मी काही बोलायच्या आत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. एका रुग्णालयाला उद्याच्या शस्त्रक्रियेसाठी किती पिशव्या राखून ठेवता येतील, एवढंच विचारायचं होतं.